भोपाळची पाळ

भोपाळ हे नाव हिंदीत 'ल'ने संपतं आणि मराठीत 'ळ'ने. आपण तो ळ सवयीने लावतो, पण त्या एका अक्षराने शहराची फोड आपसूक होते. पाळ म्हणजे तळ्याचा बांध. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या बांधाला आजही पाळच म्हणतात. भोजाची पाळ ती भोजपाळ, तिचं झालं भोपाळ, ही तिकडे लोकांत मुरलेली व्युत्पत्ती. भाषेचे अभ्यासक तिच्यावर मान डोलावतीलच असं नाही. 'भूपाल' हा दुसरा दावेदार उभाच आहे. पण शहर बघायला निघालेल्या माणसाने पहिलीच धरावी. कारण भोपाळला जे तळं बघायला लोक जातात ते निसर्गाने दिलेलं नाही. कुणीतरी नदी अडवली म्हणून ते आहे. जिथे अडवली ती जागा मात्र शंभरातले नव्वद पाहुणे तिच्यावरून रिक्षाने जातात आणि बघत नाहीत.

त्या जागेचं नाव कमला पार्क. जुन्या शहरातून श्यामला टेकडीकडे जाणारा रस्ता इथे एका रुंद मातीच्या बांधावरून जातो. एका हाताला मोठं तळं, दुसऱ्या हाताला छोटं. मोठ्याचं पाणी वर, छोट्याचं बरंच खाली. मधली हिरवळ, झाडं, बाकडी, शेंगदाणेवाले हे सगळं धरणाच्या माथ्यावर बसलेलं आहे. अकराव्या शतकात धारच्या परमार राजा भोजाने कोलांस नदीवर हा बांध घातला असं मानतात. हजार वर्षांचं मातीचं धरण, आणि त्याच्यावर बाग! इथे पंधरा मिनिटं उभं राहावं, दोन्ही बाजूंचं पाणी एकामागोमाग बघावं आणि मगच पुढे निघावं. बाकीचं भोपाळ त्यानंतर उलगडतं.

बागेतच राणी कमलापतीचा महाल आहे. लखौरी म्हणजे पातळ, चपट्या विटांचं हे बांधकाम १७२२च्या सुमाराचं. महाल सात मजली आहे आणि पाच मजले पाण्याखाली आहेत असं सांगतात. ऐकताना ती दंतकथा वाटते. पण तारखा लावून पाहिल्या तर हिशेब जमतो. छोटं तळं १७९४ साली झालं. नवाब हयात मुहम्मद खानांचे मंत्री छोटे खान यांनी खालच्या बाजूला 'पुल पुख्ता' बांधून पाणी अडवलं. म्हणजे महाल आधी आणि त्याच्या पायाशी आलेलं पाणी सत्तर वर्षांनी नंतर. धरणाच्या उतारावर बांधलेली इमारत होती, तिच्या खालच्या अंगाला दुसरं तळं येऊन टेकलं.

छोट्या तळ्याला स्वतःची नदी नाही. मोठ्या तळ्यातून बांधाखालून पाझरणारं पाणी, पावसाचं पाणी आणि भोवतालच्या दाट वस्तीचं सांडपाणी, एवढीच त्याची आवक. म्हणून उन्हाळ्यात त्याला वास येतो, कडेला जलपर्णी साचते आणि फोटो काढणारे पाठ फिरवतात. 'भोपाळचं तळं घाण आहे' असं सांगत परतलेले बहुतेक जण हेच तळं बघून आलेले असतात. रिक्षावाल्याला नुसतं 'तालाब' म्हणू नये. 'बडा तालाब' म्हणावं, आणि त्यातही कुठला काठ ते सांगावं: व्हीआयपी रोड की बोट क्लब.

दोन्ही काठांचा स्वभाव वेगळा. व्हीआयपी रोड रेतघाटावरून खानूगावकडे जातो, तो जुन्या शहराचा काठ. संध्याकाळी सूर्य समोर, पाण्यापलीकडे बुडतो, त्यामुळे सगळी गर्दी तिथे. बोट क्लब श्यामला टेकडीच्या पायथ्याशी. तिथून वन विहारचं रामू फाटक चालत गाठता येतं. वन विहार कागदोपत्री राष्ट्रीय उद्यान आहे, क्षेत्र अवघं साडेचार चौरस किलोमीटर. सर्कशीतून किंवा गावात शिरल्यामुळे पकडून आणलेले प्राणी इथे मोठ्या आवारांत ठेवतात. दुसरं, चिकू फाटक भदभदा धरणाकडे निघतं. रस्ता साधारण पाच किलोमीटरचा आणि सगळा तळ्याच्या काठाने जाणारा. सायकलने किंवा पायी, सकाळी उघडल्या उघडल्या जावं. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार निघण्याआधी तपासावा. वाघ दिसो न दिसो, हा मोठ्या तळ्याचा सर्वांत निवांत काठ आहे. थंडीत पाणपक्ष्यांसाठी थोडं लांब, बिशनखेडीच्या बाजूला जावं. सारस बघायची शक्यता तिकडे जास्त.

तळ्यात मोटारबोट मिळत नाही म्हणून काही जण हिरमुसतात. २०२३ मध्ये हरित लवादाने यंत्रावर चालणाऱ्या बोटींना मनाई केली, कारण साधं आहे: शहर हे पाणी पितं. सुमारे ३१ चौरस किलोमीटरचं तळं, ३६१ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र. कोलार धरण आणि नर्मदा आता जोडीला आली असली तरी तळ्यावर पोट असलेली वस्ती अजून मोठी आहे. २००२ साली छोट्या तळ्यासह त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

पावसाळ्यात भोपाळकरांच्या तोंडी एकच आकडा असतो: १६६६.८० फूट. ही समुद्रसपाटीपासूनची पूर्ण संचय पातळी, म्हणजे ५०८ मीटर. पाणी त्या रेषेला टेकलं की भदभदाचे दरवाजे उघडतात. हे अकरा दरवाजे १९६५च्या बांधकामातले. ऑगस्टमध्ये भोपाळात असाल आणि सकाळच्या पेपरात 'भदभदा के गेट खुले' दिसलं तर बाकी बेत गुंडाळून तिकडे निघावं, कारण निम्मं शहर तिकडेच निघालेलं असतं. वाहन अलीकडे लावून चालत जाणं शहाणपणाचं. उलट बाजूही लक्षात ठेवावी. तळं उथळ आहे, त्यामुळे पातळी काही फूट उतरली की पश्चिमेचा काठ कित्येक किलोमीटर मागे सरतो. २००९च्या उन्हाळ्यात तळ्यातल्या तकिया टापूवरच्या शाह अली शाह यांच्या दर्ग्यापर्यंत लोक चालत गेले होते. त्या वर्षी नागरिकांनी घमेली-फावडी घेऊन गाळ काढला. मे महिन्यात भोपाळला जाणाऱ्याने पोस्टकार्डातल्या निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तळं भरलेलं असतं आणि ऊन सोसतं.

आता पाणी भदभदाहून पुढे कुठे जातं? इथे भोपाळची सगळ्यांत मोठी गोष्ट दडलेली आहे.

कोलांस मुळात उत्तरेकडे वाहत हलाली नदीला मिळत असे. भोजाने तिला कमला पार्कपाशी अडवलं आणि पाणी वेगळ्या वाटेने, भदभदाच्या बाजूने कलियासोत नदीत वळवलं. बांध एका ठिकाणी, सांडवा दुसऱ्याच ठिकाणी, दूर. मातीच्या धरणाचं मरण बहुतेक वेळा एकाच गोष्टीत असतं: पाणी माथ्यावरून वाहिलं की माती कापत जातं आणि एकदा घळ पडली की काही तासांत धरण संपतं. म्हणून सांडवा मातीवर ठेवायचा नाही, बाजूच्या खडकात काढायचा. हे गणित चुकलं नाही म्हणून कमला पार्क हजार वर्षं टिकली.

पण नदी वळवायची कशाला? कारण कलियासोत जिथे बेतवेला मिळते तिथे, भोपाळपासून २८ किलोमीटरवर भोजपूरला, भोजाने याहून कितीतरी मोठं तळं बांधलं होतं. डोंगरांचं एक कडं, त्यात फक्त दोन फटी. त्या दोन फटी बांधांनी बुजवल्या आणि आतल्या सगळ्या मुलखात पाणी साठलं. एकोणिसाव्या शतकात या भागात फिरलेल्या किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचा पसारा अडीचशे चौरस मैल मोजला. लोककथा अशी: राजाला बरं वाटण्यासाठी ३६५ ओढ्यांचं पाणी एका तळ्यात यायला हवं होतं. मोजणी झाली आणि काही ओढे कमी पडले. तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदाराने एक लपलेली नदी दाखवली. तिच्या उपनद्या धरून आकडा भरला, म्हणून ती कलियासोत. कथेत राजाचा आजार असला तरी मुद्दा जलशास्त्राचा आहे. बेतवेचं पाणी पुरेना, शेजारच्या खोऱ्यातून पाणी ओढून आणावं लागलं. भोपाळचं तळं हा त्या मोठ्या कामाचा एक टप्पा होता. आज टप्पा उरला आहे आणि मूळ काम गेलं आहे.

ते घालवलं माळव्याच्या होशंगशाहाने, पंधराव्या शतकात. गोंडांची आठवण सांगते की बांध फोडायला सैन्याला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं. भोपाळहून दक्षिणेला जाताना मंडीदीप लागतं. आता ती कारखान्यांची वसाहत आहे. नावातलं 'दीप' म्हणजे द्वीप. त्या तळ्यातलं हे बेट होतं असं सांगतात. ट्रकांच्या रांगेत अडकून पडलात तर तेवढी करमणूक.

भोजपूरला बहुतेक लोक शिवलिंगासाठी जातात, आणि जावंच. एकाच दगडाचं लिंग, उंची साडेसात फूट, घेर पावणेअठरा फूट; पिंडीच्या चौथऱ्यासकट सगळा ऐवज चाळीस फुटांवर जातो. चार प्रचंड खांब, वर अर्धा राहिलेला घुमट, शिखर नाहीच. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर जावं. ऊन दारातून आत येतं आणि घुमटाच्या पोटातलं कोरीव काम दिसू लागतं. सकाळी तिथे अंधार असतो.

दर्शन घेऊन लगेच गाडीकडे वळणं ही मात्र भोजपूरची सर्रास होणारी चूक. देवळाच्या मागे जावं. तिथे दगडमातीचा एक लांब उतार देवळाच्या भिंतीला येऊन टेकलेला दिसतो. गावात असतो तसा उंचवटा वाटून लोक त्याच्यावर पाठ टेकतात. हा उतार म्हणजे बांधकामाचा रस्ता. टनावारी वजनाचे दगड याच्यावरून ओढत, सरकवत वरपर्यंत नेले. देऊळ पुरं झालं असतं तर हा उतार खोदून काढून टाकला असता, जसा तो बाकी सगळ्या मोठ्या देवळांचा काढला गेला. इथे काम थांबलं म्हणून तो राहिला.

त्याहून नवल आजूबाजूच्या खडकांवर आहे. जमिनीलगतच्या सपाट कातळांवर बारीक रेघा खोदलेल्या आहेत: खांबाचा छेद, शिखराची कमान, तुळईची नक्षी, तळाचा आराखडा. पुरातत्त्व खात्याने त्यांच्याभोवती कुंपण केलं आहे. स्थपती आणि पाथरवट यांच्यात कागद नव्हता. नकाशा पायाखालच्या खडकावर काढायचा आणि माप तिथून उचलायचं. भर दुपारी या रेघा दिसतच नाहीत, ऊन डोक्यावर असतं आणि खोली भरून निघते. चारच्या पुढे, ऊन तिरपं झालं की प्रत्येक रेघेला सावली येते. मोबाईलचा टॉर्च खडकाला आडवा धरला तरी तेच साधतं. जवळ अर्धवट घडवलेले दगडही पडलेले आहेत. अपूर्ण देऊळ म्हणून जे हळहळतात त्यांना हे सांगावंसं वाटतं की पूर्ण झालेली देवळं भारतात पुष्कळ आहेत. कारखाना उघडा राहिलेलं देऊळ शोधून दाखवा.

देवळापासून थोडं चाललं की बेतवेच्या काठी फुटक्या बांधाचे अवशेष आहेत. आत मातीचा गाभा, दोन्ही अंगांना चुन्याशिवाय रचलेले अजस्र दगड. नदी मधून निघून जाते. पाटी शोधत बसू नये, गावात 'पुराना बांध' विचारावं.

भोजपूर आणि भीमबेटका एका दिवसात होतात, दोन्ही दक्षिणेला. पण क्रम भीमबेटका आधी, भोजपूर नंतर असाच ठेवावा. भीमबेटका भोपाळहून ४५ किलोमीटर, ओबेदुल्लागंजच्या पुढे, रातापानीच्या जंगलात. सात टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक शैलाश्रय, म्हणजे खडकांचे निवारे, त्यांतले पंधरा लोकांना खुले. पायवाट दीड किलोमीटरच्या आतबाहेर, सोपी. दोन तास पुरतात. वर जेवणाखाणाची सोय धरून चालू नये. माणशी एक लिटर पाणी खालूनच न्यावं.

या निवाऱ्यांतली प्राचीन चित्रं बघायची एक रीत आहे. पहिल्या नजरेला दगडावर गेरू सांडल्यासारखं दिसतं आणि माणूस कंटाळून पुढे जातो. थांबावं, डोळा सरावू द्यावा आणि थर मोजावेत. खाली मोठी जनावरं, त्यांच्या अंगावरून पुढच्या काळातल्या लहान आकृत्या, आणि सर्वांत वर घोडेस्वार, ढाल-तलवारी. हजारो वर्षं एकाच भिंतीवर एकमेकांच्या डोक्यावर चित्रं काढली गेली, जुनं पुसायचा त्रास कुणी घेतला नाही. 'झू रॉक' म्हणतात त्या निवाऱ्यात हे थर सर्वांत स्पष्ट आहेत. फ्लॅश नको, हात नको. पूर्वी रंग उठून दिसावा म्हणून लोक चित्रांवर पाणी मारत. पाण्याबरोबर क्षार येतात आणि सुकताना चित्रावर पांढरा पापुद्रा धरतात.

१९५७ साली या जागेचं महत्त्व ओळखलं ते विष्णू श्रीधर वाकणकरांनी. नीमचला जन्मलेले, उज्जैनला काम केलेले, मराठी घरातले हे हरिभाऊ रेल्वेने जात असताना खिडकीतून खडकांची ठेवण बघून चपापले आणि नंतर पायी येऊन चढले. महाराष्ट्रातून भोपाळला येणारी गाडी इटारसीनंतर आजही त्याच घाटातून चढते. बुधनी ते बारखेडा या टप्प्यात मोबाईल खाली ठेवावा.

इथलीच एक गमतीची नोंद. २०२१ मध्ये ऑडिटोरियम गुहेच्या छतावर पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी जगभर गाजली. दोन वर्षांत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जाऊन पाहिलं, तर ते आग्यामोहोळाच्या गळून पडलेल्या पोळ्याचे वाळके अवशेष निघाले. मोहोळं आजही कातळाच्या कपारींना लटकलेली असतात. उग्र अत्तर लावून, धूम्रपान करत किंवा आरडाओरडा करत जाऊ नये हे त्या जीवाश्मापेक्षा जास्त कामाचं ज्ञान.

शहरात परत यायला हवं, कारण सोमवार हा भोपाळचा सापळा आहे. भारत भवन, मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय ही श्यामला टेकडीवरची तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकणारा महाराष्ट्रातला माणूस पहिले दोन दिवस बाहेरगावी फिरतो आणि सोमवार 'शहरासाठी' ठेवतो. नेमकं उलट करावं: शनिवार-रविवारातला एक दिवस टेकडीला द्यावा, सोमवारी सांची. सांचीचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, सोमवारी नाही.

टेकडीवर एकाच ठिकाणी जायला वेळ असेल तर जनजातीय संग्रहालय. दुपारी बाराला उघडतं, म्हणून सकाळ मानव संग्रहालयाच्या मोकळ्या आवाराला द्यावी. तिथे देशभरच्या आदिवासींची घरं त्या-त्या समाजाच्या लोकांनी येऊन बांधलेली आहेत आणि त्याच आवारात प्राचीन चित्रं असलेले खडकही आहेत. आवार दोनशे एकरांचं. टोपी आणि चालायचे बूट हवेत. चार्ल्स कोरिया यांनी रचलेलं भारत भवन १९८२चं. रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. आत शिरलं की अंगणं पायरीपायरीने तळ्याच्या दिशेने उतरत जातात, आणि शेवटच्या गच्चीवर अचानक पाणी येतं. घाटाची कल्पना त्यांनी किती शांतपणे वापरली आहे!

जुनं शहर बेगमांचं. १८१९ ते १९२६ या काळात चार बायकांनी इथे राज्य केलं: कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. कुदसियाने तळ्याकाठी गौहर महाल बांधला, चौकात जामा मशीद बांधली आणि शहराला नळाने पाणी दिलं. सिकंदरने मोती मशीद. शाहजहाँ बेगमने शाहजहाँनाबाद वसवताना एकाखाली एक अशी तीन तळी रचली, वरचं भरलं की खालच्यात पाणी उतरावं म्हणून. त्यांतल्या मोतिया तालाबाच्या काठी ताज-उल-मसाजिद उभी आहे. तिच्या हयातीत ती पुरी झाली नाही. १९७१ मध्ये काम पुन्हा धरलं आणि १९८५ला संपवलं. शुक्रवारची दुपार टाळून जावं, खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

तिथून आणखी उत्तरेला युनियन कार्बाइडचा कारखाना. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि मिथाइल आयसोसायनेट वायू वस्त्यांवर पसरला. आवारात जाता येत नाही. बाहेर, रस्त्यापलीकडे आई-मुलाचा पुतळा आहे. आसपासच्या वस्त्यांतलं भूजल कारखान्याच्या कचऱ्याने नासलं, म्हणून तिथे पाणी बाहेरून नळाने आणावं लागलं. सहलीच्या यादीत ही जागा घालू नये. जायचं असेल तर नुसतं जावं, कॅमेरा न काढता.

चौक बाजारात जरीचे बटवे मिळतात. इब्राहिमपुऱ्यात संध्याकाळनंतर मांसाहारी खाणाऱ्यांची चंगळ. पण सगळ्यांना चालणारी खास भोपाळी चीज म्हणजे मीठ घातलेला चहा. तांब्याच्या मोठ्या समोवारात तो तासन्तास उकळत असतो. दूध, साखर आणि चिमूटभर मीठ. मीठ चवीला वेगळं लागत नाही, फक्त गोडाचा चिकटपणा काढून घेतं. पहिला घोट विचित्र, तिसऱ्या घोटाला दुसरा कप सांगितलेला असतो. तिथल्या कट्ट्यावर अस्सल जुन्या भोपाळकराला 'बर्रूकाट' म्हणतात. बर्रू म्हणजे बोरूचं गवत; ते कापून ज्यांनी पहिली घरं घातली त्यांच्या वंशातला.

आपल्या लोकांना या शहराची जुनी ओळख लढाईतून आहे. डिसेंबर १७३७ मध्ये मोठा तोफखाना घेऊन निघालेल्या निजामाने बाजीराव पेशव्यांपासून बचाव म्हणून भोपाळचा आसरा घेतला. तळं आणि किल्ला पाठीशी, म्हणजे मराठी घोडदळ तिकडून येणार नाही, हा हिशेब. बाजीरावांनी तोफांच्या टप्प्यात जायचंच टाळलं. दाणावैरणीच्या वाटा तोडल्या. तिकडे चिमाजी अप्पांनी खानदेशात कुमक अडवून धरली. पाठीशी पाणी असलं की पळायलाही वाट नसते. ७ जानेवारी १७३८ला दोराहा सराईत तह झाला: माळवा, नर्मदा ते चंबळमधला मुलूख आणि पन्नास लाख रुपये. याच भिंतींनी १८१२-१३ मध्ये मात्र नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजांना दाद दिली नाही.

उरलं सांची. ईशान्येला ४६ किलोमीटर. वाटेत रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण आहे, तिथे सगळे उतरून फोटो काढतात. सांची स्टेशनपासून टेकडी दीडेक किलोमीटर; छोट्या स्टेशनावर मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून विदिशेला उतरून दहा किलोमीटर मागे येणं बरेचदा सोयीचं पडतं. आठच्या आत पोचावं, शाळांच्या बसगाड्या दहाला येतात.

स्तूपाला गेल्यावर दक्षिणेचं तोरण आधी गाठावं. मूळ प्रवेश तिकडूनच होता, अशोकस्तंभाचा बुंधाही तिथेच आहे. या तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर एक छोटा स्तूप कोरला आहे, त्याच्या घुमटावर अक्षरं आहेत: राजा सिरी सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं दान. पैठणच्या सातवाहनांच्या माणसाने आपली सही इथे सोडली आहे. खालून दिसायला दुर्बीण किंवा चांगला झूम लागतो. त्याच तोरणावर दुसरा लेख सांगतो की कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. मग आकृत्या इतक्या बारीक आणि दाटीवाटीने का, ते कळतं. हात हस्तिदंताला सरावलेले होते. कठड्याचे सांधेही बघावेत. दगड, पण जोडणी सगळी सुताराची, खाचेत कूस बसवलेली.

सांचीच्या टेकडीवरून खाली पाहिलं की शेतांमध्ये मातीचे लांब उंचवटे दिसतात. पुरातत्त्वज्ञांनी या परिसरात अशी बरीच धरणं नोंदवली आहेत, स्तूपांच्या बरोबरीची, म्हणजे भोजाच्या हजारेक वर्षं आधीची. भिक्खूंच्या भोवतीही तळ्यांच्या पाळी होत्या.

इथे पाण्याचं वर्तुळही पुरं होतं. भोपाळच्या छोट्या तळ्याचं पाणी पातरा नाल्याने हलालीत आणि हलालीतून बेतवेत येतं. मोठ्या तळ्याचं कलियासोतने भोजपूरवरून बेतवेतच येतं. शहराच्या एका बांधाने वेगळं केलेलं पाणी विदिशेच्या अलीकडे पुन्हा एकत्र होतं. विदिशेला बेतवेला बेस नदी मिळते. बेसच्या काठी हेलिओडोरसचा गरुडस्तंभ आहे, गावकऱ्यांचा खांब बाबा: तक्षशिलेहून आलेल्या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारलेला.

दोन नद्यांच्या मध्ये उदयगिरीची टेकडी. तिच्या पाचव्या लेण्यात गुप्तकाळातला वराह आहे, माणसाहून दुप्पट उंच, सुळ्यावर पृथ्वी तोललेला. सगळे त्याच्याकडे बघतात. बाजूच्या भिंतींकडे वळावं. मकरावर गंगा, कासवावर यमुना, आणि दोघींच्या पायाखालून दगडात कोरलेल्या नागमोडी रेघा खाली येत एकमेकींत मिसळतात आणि समुद्रात उतरतात. समोर खडकात खोदलेलं एक टाकं आहे, पाणी धरण्यासाठी. विदिशेहून भोपाळला परतायला गाडीने तासभर लागतो. टेकडीवरून उतरताना उजेड असावा, पायऱ्या झिजलेल्या आहेत.